हेराल्डचं बॉनेट: पैसे नव्या पत्र्याचे, आत निघाली पुटी

ज्यांच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, किंवा कोकणात राहून जी कुठली जुनी गाडी ते सांभाळतात, त्यांनी पत्र्याचं काम बाहेर देण्याआधी हे वाचावं. सिंधुदुर्गातल्या एका गॅरेजने आमच्या हेराल्डच्या बॉनेटला नवीन पत्रा घालायचे 42,000 रुपये ठरवले. त्यातले 30,000 आगाऊ घेतले. प्रत्यक्षात गंजलेल्या पत्र्यावर फायबरची मॅट, म्हणजे काचतंतूंचं कापड, रेझिनने चिकटवली, वर पुटीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या लगद्याचा, जाड थर दिला, चकचकीत रंग मारला आणि बॉनेट परत पाठवलं. गॅरेजचं नाव इथे देत नाही. काम कसं लपवलं आणि ते कसं ओळखता आलं असतं, ते मात्र सगळं सांगतो.

आधी हे बॉनेट इतरांसारखं का नाही ते बघू. हेराल्ड मूळची ट्रायंफची, 1959 साली आलेली. तिचा आकार जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचा. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती 1961 पासून आपल्याकडे बनवली. तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी आहे आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्ट करून बसवलेली आहे. दोन्ही मडगार्ड, हेडलाइटच्या जागा, चाकावरच्या कमानी असं गाडीचं अख्खं तोंडच बॉनेट म्हणून पुढे कलतं. बिजागऱ्या पुढे खाली, लॅच मागे दोन्ही बाजूंना. उघडलं की इंजिनच काय, पुढचं सस्पेन्शनसुद्धा हाताशी येतं आणि चाकावर बसून काम करता येतं. त्या बदल्यात सगळा भार येतो तो पुढच्या दोन बिजागऱ्यांवर आणि एका आधाराच्या दांडीवर.

समुद्राकाठच्या वाऱ्यात ही दांडी फार महत्त्वाची. उघडं बॉनेट शिडासारखं वारा धरतं. पुढून झोत आला तर ते आत वाकलेल्या माणसाच्या पाठीवर मिटू शकतं, मागून आला तर दांडी वाकवून पुढे झुकतं. खाडीलगत किंवा मोकळ्या मैदानात ते उघडूच नये, भिंतीच्या आडोशाला गाडी घ्यावी. दांडीची पिन झिजली असेल तर इतर कुठल्याही कामाआधी ती बदलावी.

गंज धरतो तो ठरलेल्या जागी: कमानीची कड, जिथे आतला आणि बाहेरचा पत्रा एकावर एक येतात, हेडलाइटभोवतीची जागा, जिथे चाकाने उडवलेला चिखल साठतो, मडगार्डचं मागचं खालचं टोक, आणि बिजागऱ्या जिथे धरतात तो पुढचा भाग. आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि बाकीचे आठ महिने खारी हवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे दुहेरी पत्र्याच्या सांध्यात साचलेली माती मे महिन्यातही पूर्ण सुकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला आधी फोड येतो आणि भोक नंतर दिसतं. फोड दिसला की आतून काम बरंच पुढे गेलेलं असतं, असं धरून चालावं.

आता फसवणूक. बोलणं झालं ते असं: "काळजी करू नकात, सगळो पत्रो नवो टाकतंय." कागदावर काही नाही. दरात किती फूट पत्रा, किती गेजचा (म्हणजे किती जाडीचा), वेल्डिंग कुठलं, याचा उल्लेख नाही, फक्त 'बॉनेट जॉब' आणि एकच आकडा. पहिली चूक तिथे झाली. पंधरा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो आले. कापलेली कमान, त्यात बसवलेला नवा पत्रा, वेल्डिंगचे टाके, सगळं व्यवस्थित. ते फोटो नीट पाहिले असते तर तिथेच कळलं असतं, कारण त्यातल्या पत्र्याच्या आतल्या बाजूचा जुना रंग फिकट निळा होता आणि ही हेराल्ड पहिल्यापासून मलईरंगाची आहे. दुसऱ्याच कुणाच्या बॉनेटचे ते फोटो होते.

बॉनेट परत आलं तेव्हा बाहेरून आरशासारखं होतं. आतल्या बाजूला जाड काळं कोटिंग मारलेलं. 'गंज धरू नये म्हणून', असं सांगितलं. बसवताना दोघांना उचलायला जड गेलं आणि मागची कड दाराला टेकायला लागली. त्यावर उपाय म्हणून कडेला पुटी घासून फट करून दिली. तीन आठवड्यांत, घाटातून एक फेरी झाल्यावर, उजव्या कमानीपाशी केसासारखी चीर आली. दुसऱ्या गॅरेजात तिथे 80 नंबरच्या पेपरने घासलं तर सात मिलिमीटर पुटी, तिच्याखाली फायबरची मॅट, आणि मॅटखाली भोकं तशीच. गंज साधा ब्रशनेही काढलेला नव्हता, मॅट सोलली तर तिच्या पाठीला तो तपकिरी पापुद्र्यासकट चिकटून आला. सगळ्या बॉनेटवरून निघालेली पुटी पोत्यात भरून तोलली, साडेचार किलो भरली.

फायबरचंच का केलं, याचं कारण आपल्या किनाऱ्यावरच आहे. मासेमारीच्या होड्या आता बऱ्याचशा फायबरच्या असतात, त्यामुळे रेझिन आणि मॅट बंदराजवळ सहज मिळते आणि ते काम येणारे हातही आहेत. होडीला ते उत्तम, कारण अख्खी होडीच फायबरची. गंजलेल्या पत्र्यावर मात्र रेझिन पत्र्याला धरत नाही, गंजाला धरतं. खाली गंज वाढत राहतो, इंजिनाच्या उष्णतेने पत्रा आणि फायबर वेगवेगळे फुगतात, रस्त्याचे हादरे बसतात आणि थर सुटतो. पुटीही सच्छिद्र असते. चीर पडली की पाणी शोषते आणि आतल्या आत धरून ठेवते.

दुसरी लबाडी गॅस स्ट्रटची, म्हणजे झाकण उचलून धरणाऱ्या गॅस भरलेल्या नळीची. बॉनेट जड झाल्याची तक्रार केल्यावर 'स्पेशल हेराल्डचा' म्हणून एक गॅस स्ट्रट 3,500 रुपयांना बसवून दिला. त्याच्या नळीवर 450 एन छापलेलं होतं. हा न्यूटनमधला जोर, 9.81 ने भागला की किलो येतात, म्हणजे साधारण 46 किलो. हा कुठल्यातरी हॅचबॅकच्या डिकीचा स्ट्रट. डिकीच्या चौकटीला तो बसवायला जाड पत्र्याची जागा दिलेली असते, हेराल्डच्या बॉनेटला ती नाही. इथे तो एकाच बाजूला, सेल्फ टॅपिंग स्क्रूने बसवला होता. बंद बॉनेटला तो एकीकडून सतत 46 किलोने रेटतो आणि पत्रा पीळ खातो. डावीकडे दाराशी फट चार मिलिमीटर होती, उजवीकडे सात झाली. बॉनेट जड वाटतंय म्हणून कुणी स्ट्रट सुचवला, तर आधी जड का झालं ते विचारा. धड असलेलं बॉनेट दोघांनी उचलायला काहीच त्रास नसतो.

पुटी ओळखायला फार साधनं लागत नाहीत. एक लोहचुंबक रुमालात गुंडाळून बॉनेटवर हळूहळू सरकवा. पत्र्यावर तो घट्ट धरतो, दोनतीन मिलिमीटर पुटी आली की सैल पडतो, त्याहून जाड थरावर गळून पडतो. कमानीची कड आणि हेडलाइटभोवती इंचाइंचाने फिरवा, मधल्या सपाट भागात वेळ घालवू नका, तिथे क्वचितच काही असतं. बोटाच्या पेराने वाजवा: पत्रा टणकन वाजतो, पुटीचा आवाज बसका येतो. रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडे मिळालं तर आणखी चांगलं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), दुसऱ्यांदा रंगवलेली गाडी 250-300 पर्यंत, आणि हजाराच्या वर आकडा गेला की ती पुटीच.

वजन मात्र काम देण्याआधीच घ्या. मासळीबाजारात वापरतात तो हुकाचा डिजिटल काटा पुरतो. लॅच सोडून मागच्या कडेच्या बरोबर मध्यावर दोरी अडकवा, काटा उभा धरून कड इंचभर उचला, आकडा लिहून ठेवा. निम्मा भार बिजागऱ्यांवर जात असल्याने हे पूर्ण वजन नव्हे, पण परत आल्यावर त्याच जागी, त्याच उंचीला मोजलं की फरक लगेच कळतो. एक चौरस मीटरवर तीन मिलिमीटर पुटी म्हणजे पाच ते सहा किलो. नव्या पत्र्याने वजन इतकं वाढूच शकत नाही, कारण गंजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा बसवलेला असतो. आमच्याकडे आधीचा आकडा नव्हता, म्हणून भांडायला पुरावाही कमी पडला.

आतल्या बाजूचं काळं कोटिंग हे सगळ्यात मोठं झाकण. खरं वेल्डिंग झालं असेल तर आतून टाके आणि त्याभोवती उष्णतेचा निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. गॅरेजला आधीच सांगा की आतलं कोटिंग आम्ही पाहिल्यानंतरच मारायचं.

खरं काम कसं असतं, तेही माहीत हवं, म्हणजे समोरच्याला प्रश्न विचारता येतात. गंज दिसतो त्याच्या पुढे दोन-अडीच सेंटीमीटर, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापतात. ठिगळ 20 गेजचं, म्हणजे 0.9 मिलिमीटर. 18 गेज घेतलं तर ते 1.2 मिलिमीटर, वजन वाढतं आणि वळण नीट बसत नाही. वेल्डिंग सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आडोशाने तारेने करतात ते), 0.8 मिलिमीटरची तार, तीन सेंटीमीटरवर एकेक टाका, तोही एकाच ओळीत न मारता एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, मध्ये पत्रा हाताला गार लागू द्यायचा. सलग ओढलं की पत्रा लाटेसारखा फुगतो आणि ती लाट पुटीने भरावी लागते. साधं आर्क वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला भोकं पाडतं. पितळी वेल्डिंग कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा, त्याचा फ्लक्स (जोडताना लावतात ती पावडर) नीट धुतला नाही तर तोच ओल धरून पुन्हा गंज आणतो. टाके घासल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग गरज असेल तिथेच पुटी, फार तर दोन मिलिमीटर. रंगानंतर सांध्यात आतून मेण फवारायचं आणि पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना ते तारेने तपासायचं.

बॉनेट काढताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. हेडलाइट आणि इंडिकेटरच्या वायरींच्या जोडांवर रंगीत टेप लावून फोटो काढा. मग दांडी, शेवटी बिजागऱ्यांचे बोल्ट. त्याआधी बिजागरी नेमकी कुठे बसली होती तिथे पत्र्यावर खिळ्याने रेघ ओढा, बोल्टच्या लांबट भोकांत ती जागा नंतर सापडत नाही. दोन माणसं उचलायला, तिसरा बोल्ट काढायला. छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) ठेवताना खाली जुने टायर घाला आणि काथ्याच्या दोरीने बांधा. कमानीच्या कडेवर बॉनेट कधीही टेकवू नका, तीच कड सगळ्यात आधी दुमडते. हेडलाइटच्या रिंगा, बॅज, बीडिंग घरी काढून ठेवा. या हेराल्डची एक रिंग आणि पुढचा बॅज गॅरेजातून परत आलेच नाहीत, आणि आता ते मिळवायला महिने जातात. बॉनेटच्या आतल्या बाजूला पंचने दोन-तीन बारीक ठिपक्यांची खूण करून तिचा फोटो ठेवा, म्हणजे बॉनेटच बदललं तरी समजेल.

पैसे टप्प्याने द्या: कापल्यावर काही, वेल्डिंग झाल्यावर प्रायमरआधी काही, रंगानंतर उरलेले. प्रत्येक टप्प्याला स्वतः जाऊन बघा. जमत नसेल तर त्या दिवशीचं वर्तमानपत्र बॉनेटवर ठेवून व्हिडिओ मागवा, त्यात तुमची पंचची खूणही दिसली पाहिजे. सगळी रक्कम यूपीआयने, आणि बिलावर पत्र्याचा गेज आणि बदललेल्या जागा लिहून घ्या.

फसलात तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. 2019 च्या कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार द्यावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर नोंद करा, काही वेळा तेवढ्यावरही समोरचा पैसे परत देतो. पुटी काढायला लावण्याआधी चुंबकाचा आणि मीटरचा व्हिडिओ करा, घासताना जाडीचे फोटो पट्टी लावून घ्या, निघालेली पुटी आणि मॅट टाकू नका. इथे त्या पोत्यानेच काम केलं. ते समोर ठेवल्यावर 18,000 परत मिळाले, बाकीच्यासाठी तक्रार चालू आहे.

काम कधी द्यायचं, यावरही बरंच अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर बॉनेट उघड्या पत्र्यावर आणू देऊ नका. कोकणातल्या पावसाळी हवेत घासलेला पत्रा एका रात्रीत पिवळा पडतो आणि त्यावर मारलेला प्रायमर वर्षभरातच फोड धरतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की द्या, आणि घासल्याच्या दिवशीच प्रायमर मारायचा, हे बिलावर लिहून घ्या.