इब्सेनच्या घरी जायचंय: ऑस्लो की ग्रिमस्टाड?

नॉर्वेच्या सहलीत एक-दोन दिवस मोकळे असतील आणि नाटकाचं वेड असेल, तर तिथला जगप्रसिद्ध नाटककार हेन्रिक इब्सेन याच्या घरी जरूर जा. पण त्याची घरं एकाहून जास्त जपलेली आहेत, आणि ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

ऑस्लोचं घर सोयीचं. राजवाड्याजवळ, आर्बिन्स गाते १. इथे तो १८९५ पासून २३ मे १९०६ ला मृत्यू येईपर्यंत राहिला. शेवटची दोन नाटकं इथलीच. हा जगभर गाजलेल्या, श्रीमंत इब्सेनचा प्रशस्त फ्लॅट. अभ्यासिकेत त्याने स्ट्रिंडबर्गचं, म्हणजे प्रतिस्पर्धी स्वीडिश नाटककाराचं, मोठं चित्र लावलं होतं. आपल्यावर जळणाऱ्या माणसाची नजर अंगावर घेत तो लिहायचा! ‘आज जरा बरं आहे’ असं नर्स म्हणाली तेव्हा ‘उलट!’ हा त्याचा शेवटचा शब्द निघाला, असं सांगतात, तोही याच घरात. बाहेर पडलात की चालत नॅशनल थिएटरपर्यंत या. दारापुढे इब्सेन आणि त्याच्याच काळातला नॉर्वेजियन लेखक ब्यर्न्सन यांचे पुतळे आहेत. ‘नाट्यमन्वंतर’ या मराठी नाट्यसंस्थेचं १९३३ मधलं ‘आंधळ्यांची शाळा’ याच ब्यर्न्सनच्या नाटकावर बेतलेलं, म्हणून मराठी माणसाने दुसऱ्या पुतळ्यापाशीही थांबायला हवं.

ग्रिमस्टाड दक्षिण किनाऱ्यावर आहे. रेल्वे तिथे जात नाही. ऑस्लोहून बसला साधारण चार तास लागतात, तेव्हा मुक्कामाच्या तयारीनेच निघा. वडिलांचा धंदा बुडालेला, म्हणून पंधरा वर्षांचा इब्सेन १८४४ मध्ये इथे औषधांच्या दुकानात शिकाऊ म्हणून आला. गाव तेव्हा आठशे वस्तीचं. दुकान १८४७ मध्ये ज्या घरात हललं, तेच आजचं संग्रहालय, १९१६ पासूनचं. दिवसभर औषधं बनवायची आणि रात्री वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी लॅटिन वाचायचं. त्या वाचनात सिसेरो आणि सॅलस्ट हे रोमन लेखक आले, त्यांतून प्राचीन रोममधला बंडखोर कॅटिलाइन भेटला आणि त्याच्यावर पहिलं नाटक झालं. ते १८५० मध्ये टोपणनावाने छापलं, तेही मित्राने पैसे घातले म्हणून. खप अगदीच किरकोळ. इतक्या लहानशा जागेत, इतक्या दमलेल्या मुलाने हे केलं, हे कळायला त्या खोल्यांतच उभं राहावं लागतं.

मला विचाराल तर ग्रिमस्टाड. ऑस्लोत झालेला इब्सेन दिसतो, इथे होत असलेला. स्वतः लिहिणाऱ्याने, त्यातही नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याने, बसचे चार तास सोसावेत. हातात एकच दिवस असेल किंवा बरोबर वडीलधारी मंडळी असतील, तर मात्र ओढाताण करू नका, ऑस्लोच बघा.

ग्रिमस्टाडच्या वाटेवर शिएन लागतं, त्याचं जन्मगाव. तिथे व्हेन्स्टोपचं शेतघर आहे, त्याचं लहानपणीचं घर. तुम्ही त्याचं ‘द वाइल्ड डक’ हे नाटक वाचलं किंवा पाहिलं असेल, तर त्यातल्या माळ्याची आठवण करून देणाऱ्या या घराच्या अंधाऱ्या माळ्यासाठी अर्धा दिवस काढा. लहान गावांतली ही घरं बारमाही उघडी असतील असं धरून चालू नका. तिकिटं काढण्याआधी वेळा बघून घ्या.