लिनक्सवर विंडोजचे गेम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली, आणि माझ्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. उत्तम चालणारा संगणक एवढ्या कारणासाठी मोडीत काढणे मला पटले नाही, म्हणून त्यावर लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या फेडोरा या वितरणाची (तयार संचाची) केडीई आवृत्ती बसवली. लेखन, ईमेल, ब्राउझर यांसाठी लिनक्स पुरेसे पडते याची खात्री होतीच. शंका होती ती गेमबद्दल. संगणकात एएमडीचे मध्यम ताकदीचे ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे, आणि माझे बहुतेक गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले आहेत. पुढचा मजकूर याच जोडणीवरच्या अनुभवाचा आहे.

माझे मत आधीच सांगते. एकट्याने खेळायच्या गेमसाठी मला आता विंडोजची गरज वाटत नाही. ऑनलाइन स्पर्धात्मक गेमची गोष्ट वेगळी आहे. तिथली अडचण खरी आहे, पण ती लिनक्सच्या क्षमतेतून कमी आणि गेम बनवणाऱ्या कंपन्यांच्या निर्णयातून अधिक येते.

हे सारे शक्य झाले ते विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉन या मधल्या थरामुळे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ते स्टीममध्ये आणले. त्याच्या मुळाशी वाइन हा १९९३ पासून चालत आलेला मुक्त स्रोत प्रकल्प आहे, जो विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रामच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा स्वरूपात पुरवतो. ग्राफिक्सचे काम डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे दोन घटक करतात: पहिला डायरेक्टएक्सच्या (विंडोजवरचे गेम जिच्याद्वारे चित्र काढतात त्या व्यवस्थेच्या) ११ पर्यंतच्या आवृत्त्या सांभाळतो, दुसरा डायरेक्टएक्स १२, आणि दोन्ही त्या आज्ञा व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स व्यवस्थेत रूपांतरित करतात. वापरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. स्टीमच्या सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटीचा विभाग आहे, तिथे हवी ती प्रोटॉनची आवृत्ती निवडता येते; त्यानंतर गेम डाउनलोड करायचा आणि ‘प्ले’ दाबायचे. माझ्याकडचे बहुतेक गेम याहून अधिक काही न करता सुरू झाले.

वेगाबद्दल लोक सर्वांत आधी विचारतात, म्हणून ते जरा सविस्तर. मँगोहड हे छोटे साधन पडद्याच्या कोपऱ्यात दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची (चित्रांची) संख्या आणि प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ यांचा आलेख दाखवते, आणि मी ते जवळजवळ कायम चालू ठेवले. विंडोजवर जो गेम ज्या सेटिंगवर खेळत होते, तो त्याच सेटिंगवर इथेही खेळते. कुठे चार-दोन फ्रेम कमी, कुठे चार-दोन अधिक, असा फरक आहे, आणि आलेख झाकला तर तो माझ्या डोळ्यांना जाणवत नाही. रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची सोय) चालू केल्यावर मात्र माझ्या कार्डवर लिनक्स स्पष्टपणे मागे पडते. मी ते बंदच ठेवते. ज्यांना त्याशिवाय चालत नाही, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. एनव्हिडियाच्या कार्डांवर डायरेक्टएक्स १२ चे गेम विंडोजच्या तुलनेत हळू चालतात, हेही अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१४ या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) एनटीसिंक नावाचा ड्रायव्हर पूर्णत्वास आला. गेमच्या अनेक थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) एकमेकांसाठी थांबायचे आणि पुढे जायचे, ही विंडोजच्या पद्धतीची देवाणघेवाण आता कर्नलच हाताळू शकतो. त्याबद्दल वेग कितीतरी पट वाढल्याचे आकडे फिरले. ते आकडे खोटे नाहीत; पण ती तुलना मूळ वाइनशी होती, आणि प्रोटॉनमध्ये त्याआधीच याच कामासाठी एफसिंक ही पर्यायी सोय होती. त्यामुळे प्रोटॉन वापरणाऱ्याने नव्या कर्नलकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. माझ्याकडे काही गेममध्ये आलेख थोडा सपाट झाला, एवढेच.

नवा गेम पहिल्यांदा सुरू करताना स्टीम व्हल्कन शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) तयार करत असल्याची पट्टी दाखवते आणि ती कधी कधी बराच वेळ हलत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत झाला की हे काम पुन्हा होते. सुरुवातीला मी दर वेळी ते पूर्ण होऊ देत असे. नोव्हेंबर २०२२ मधल्या डीएक्सव्हीके २.० पासून, ड्रायव्हर नवा असेल तर, शेडर गेम लोड होत असतानाच तयार होऊ शकतात. म्हणून आता डायरेक्टएक्स ११ च्या गेममध्ये मी ती पट्टी वगळते आणि खेळताना अडखळल्याचे जाणवत नाही. डायरेक्टएक्स १२ च्या मोठ्या गेममध्ये थांबणे मला अजूनही योग्य वाटते. या मधल्या थराचा उलटा लाभही होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एल्डन रिंग आला, तेव्हा विंडोजवरही तो मध्येमध्ये अडखळत असल्याच्या तक्रारी होत्या. व्हॉल्व्हने मूळ गेमला हात न लावता प्रोटॉनच्या बाजूने दुरुस्ती केली आणि लिनक्सवर तो त्रास कमी झाला. हा थर मुक्त स्रोत असल्याने असे काम कोणालाही करता येते, आणि मला या व्यवस्थेबद्दल जो आदर वाटतो त्याचे हे मोठे कारण आहे.

एका कथाप्रधान गेममध्ये एक विचित्र प्रकार पाहिला. महत्त्वाच्या प्रसंगाचे चित्रदृश्य सुरू व्हायच्या जागी पडद्यावर रंगीत उभे पट्टे आले, जुन्या दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण नसताना दिसायचे तसे, आणि काही वेळाने खेळ पुढे सरकला. याचे कारण व्हिडिओच्या स्वरूपात आहे. काही व्हिडिओ स्वरूपे पेटंटने बांधलेली असल्यामुळे प्रोटॉनला ती थेट उलगडता येत नाहीत. व्हॉल्व्ह त्यांच्या रूपांतरित प्रती शेडरच्या डाउनलोडबरोबर पाठवते, आणि ती प्रत पोहोचलेली नसेल तर त्या जागी हे पट्टे दिसतात. जीई-प्रोटॉन ही स्वयंसेवकांची आवृत्ती उतरवून त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये तिची निवड केली, तेव्हा दृश्य आवाजासह नीट दिसले.

दुसरा प्रकार ड्राइव्हचा. विंडोजच्या काळातली एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत) ड्राइव्ह तशीच जोडून तिच्यावरचे गेम स्टीमला दाखवता येतात, आणि नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे करून पाहतो, कारण शेकडो जीबी पुन्हा उतरवणे टळते. माझ्याकडे त्यातला पहिलाच गेम सुरू केल्यावर ‘प्ले’चे बटण क्षणभर ‘स्टॉप’ झाले आणि पुन्हा ‘प्ले’ झाले. पडद्यावर एकही चूक दाखवली गेली नाही. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटे विंडोज फोल्डर उभारते आणि त्यात सी ड्राइव्हच्या नावाने अपूर्णविराम (:) असलेला दुवा तयार करते. एनटीएफएसवर विंडोजच्या नियमांनुसार फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही, शिवाय फाइलच्या मालकीची लिनक्सची पद्धतही तिथे नीट बसत नाही. माझा सल्ला असा की गेमसाठी एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या पद्धतींची स्वतंत्र ड्राइव्ह ठेवावी आणि हा विषय तिथेच संपवावा. वितरण निवडतानाही ते ताजे असावे: काही गेम मेमरीचे असंख्य तुकडे मागतात आणि कर्नलची ६५,५३० ही जुनी मर्यादा ओलांडून बंद पडत; फेडोराने ३९ मध्ये आणि उबंटूने २४.०४ मध्ये ती १०,४८,५७६ केली.

जुन्या गेमनी मला सर्वाधिक आनंद दिला. विंडोज एक्सपीच्या काळातले, डायरेक्टएक्स ८ आणि ९ वर बेतलेले जे गेम विंडोज १० वर अंधाऱ्या पडद्यावर अडकत किंवा चुकीचे रंग दाखवत, त्यांतले बरेचसे इथे विनातक्रार चालतात. २०२४ मधल्या डीएक्सव्हीके २.४ पासून डायरेक्टएक्स ८ चाही त्यात समावेश झाला आहे. गॉग आणि एपिक या इतर ऑनलाइन दुकानांत घेतलेल्या गेमसाठी मी हिरॉइक हे ॲप वापरते; त्यातही प्रोटॉन निवडता येते.

आता ऑनलाइन गेम. यात फसवणूक रोखणारे अँटी-चीट सॉफ्टवेअर कळीचे आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनला आधार दिला, पण तो सुरू करण्याचा अधिकार गेमच्या निर्मात्याकडे ठेवला. त्यामुळे एकच प्रणाली असलेले दोन गेम इथे अगदी वेगळे वागतात. एल्डन रिंगमध्ये ईझी अँटी-चीट आहे आणि तो लिनक्सवर ऑनलाइन खेळता येतो. फोर्टनाइटमध्येही तीच प्रणाली आहे आणि तो खेळता येत नाही. हेलडायव्हर्स २ चालतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या तर लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्त्या आहेत. व्हॅलोरंट मात्र विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट मागतो, त्यामुळे प्रोटॉनद्वारे तो चालण्याचा मार्गच उरत नाही. लीग ऑफ लेजेंड्स २०२४ पर्यंत वाइनवर चालत असे, पण व्हॅनगार्ड आल्यावर तोही बंद झाला.

मला अधिक खटकते ती चालू दार बंद करण्याची पद्धत. एपेक्स लेजेंड्स २०२२ पासून स्टीम डेकवर (व्हॉल्व्हच्या लिनक्सवर चालणाऱ्या हातातल्या गेमयंत्रावर) चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस फसवणूक करणाऱ्यांचे कारण देऊन लिनक्सवरून तो खेळण्यास मनाई करण्यात आली. त्याच्या थोडेच आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, जीटीए ५ च्या ऑनलाइन भागाला बॅटलआय जोडले गेले आणि लिनक्सवरचे खेळाडू बाहेर पडले, जरी बॅटलआय स्वतः प्रोटॉनला आधार देते. फसवणूक हा गंभीर प्रश्न आहे आणि खुल्या कर्नलवर ती पकडणे अवघड आहे, हे मी मान्य करते. तरीही ज्यांनी गेमवर खर्च केला आणि ज्यांच्यावर कसलाही ठपका नाही, त्यांना एका अद्यतनानंतर प्रवेश नाकारणे अन्यायकारक आहे. ज्या गेममध्ये आपला नेहमीचा गट खेळतो तो गेम या यादीत असेल, तर विंडोज काढून टाकू नये, वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावे.

प्रकाशकांचे स्वतंत्र लॉन्चर (गेमआधी उघडणारे प्रोग्राम) हाही एक त्रासाचा भाग आहे. एका मोठ्या प्रकाशकाचा लॉन्चर अद्ययावत झाल्यावर त्याची खिडकी कोरी पांढरी दिसू लागली आणि त्यामागचा, एरवी व्यवस्थित चालणारा, एकट्याने खेळायचा गेम काही दिवस उघडलाच नाही. नंतर प्रोटॉनच्या नव्या आवृत्तीने ते सुटले.

यंत्रसामग्रीबद्दल थोडक्यात. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरसाठी सोनीने स्वतः दिलेला ड्रायव्हर २०२१ च्या लिनक्स ५.१२ पासून कर्नलमध्येच आहे. मी तो केबलने आणि ब्लूटूथने, दोन्ही प्रकारे वापरते. कीबोर्ड-माउसच्या दिव्यांची सेटिंग बदलणारी कंपन्यांची सॉफ्टवेअर सहसा विंडोजपुरतीच असतात. टीव्ही जोडणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: एएमडीच्या मुक्त स्रोत ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला होता, म्हणून ४के आणि १२० हर्ट्झ दोन्ही पूर्ण रंगांसह हवे असल्यास डिस्प्लेपोर्टचा मार्ग अधिक भरवशाचा आहे.

नवा गेम घेण्यापूर्वी मी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर (तिथे खेळाडू कोणता गेम लिनक्सवर कसा चालतो ते नोंदवतात) त्याची नोंद पाहते, आणि पाहताना वरचा शेरा सोडून अलीकडच्या महिन्यांतले, माझ्यासारखेच कार्ड असलेल्यांचे अनुभव वाचते, कारण जुना शेरा अनेकदा कालबाह्य झालेला असतो. ऑनलाइन गेम असेल तर अँटी-चीटची स्थिती वेगळी तपासते. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. म्हणून गेम घेतला की पहिल्याच बैठकीत चित्रदृश्ये, कंट्रोलर, सेव्ह होणे आणि ऑनलाइन जोडणी या चारही गोष्टी पाहून घेते.