हुंदका चांगला घेतो, पण वरात सरकणार नाही

मानवत, पाथरी, सेलू या पट्ट्यात मी अकरा लगनसराया बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. त्यामुळे क्लॅरिनेट ऐकलं की कान आधी पत्तीकडं, म्हणजे तोंडाशी थरथरून सूर काढणाऱ्या पातळ पट्टीकडं जातो. भाच्यानं मोबाइलवर डेव्हिड ग्रिसमन आणि अँडी स्टॅटमन यांचा १९९५ चा 'साँग्स ऑफ अवर फादर्स' हा अल्बम लावला. यात क्लॅरिनेट स्टॅटमनचं, आणि मिनिटभरात मी म्हटलं, हा गडी फुंकर राखून वाजवतोय.

हे क्लेझमर. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांचं, मुख्यतः लग्नात वाजणारं संगीत. तिकडं नवरीला खुर्चीवर बसवून आधी वाजवून-वाजवून रडवायचं, मग त्याच वादकांनी सगळ्यांना नाचवायचं. आता हे मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज आहे का? पाठवणीला आम्ही दुसरं काय करत होतो! या अल्बममध्ये मात्र लग्नापेक्षा प्रार्थनेच्या चाली जास्त आहेत.

स्टॅटमन डेव्ह टॅरसकडं शिकला. टॅरस १९२१ साली युक्रेनमधून न्यूयॉर्कला गेलेला क्लॅरिनेटवाला. ती तालीम कुठं दिसते, तर सुराच्या शेपटीत. सूर सरळ संपत नाही. जाता जाता घशात अडकतो, वर उसळून तुटतो. यिडिशमध्ये, म्हणजे तिकडच्या ज्यू लोकांच्या भाषेत, त्याला क्रेख्त्स म्हणतात, म्हणजे कण्हणं. आमचे उस्ताद त्याला नुसतं 'हुंदका' म्हणायचे आणि तो जमेना म्हणून मला दोन महिने फक्त साथीला ठेवलं होतं.

एक चाल मी घरच्या पेटीवर धरून पाहिली. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी. आमच्या भजनी मंडळातले गुरुजी लगेच म्हणाले, "अहो, हा बसंत मुखारी राग की!" सुरांची फिरत त्या रागासारखी नाही, पण स्वर तेच.

ग्रिसमनच्या मँडोलिनला मी उशिरा वळलो, माझीच चूक. आठ तारा, जोडीजोडीनं लावलेल्या. छेडलेला सूर टिकत नाही म्हणून नखी थरथरवत ठेवायची. क्लॅरिनेट लांब सूर धरून बसलं की खाली हे सुपात ज्वारी पाखडल्यासारखं बारीक चालू असतं. स्टॅटमन स्वतःही मँडोलिन वाजवतो. तरी त्यानं क्लॅरिनेट खाली ठेवलं की माझं लक्ष उडतं. हा माझा पक्षपात समजा.

तक्रार एकच. सगळं फार नीटनेटकं आहे, घाम नाही. उस्तादांना घरी जाऊन ऐकवलं. डोळे मिटून तीन चाली ऐकल्या आणि म्हणाले, "हुंदका चांगला घेतो. पण यानं वरात चौकातून पुढं सरकायची नाही." ज्याला वरातच पाहिजे त्यानं नाफ्तुले ब्रँडवाइन या जुन्या क्लेझमर क्लॅरिनेटवाल्याच्या १९२० च्या दशकातल्या तबकड्या शोधाव्यात. खरखर आहे, पण माणूस अंगात आल्यासारखा वाजवतो.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, मागचा बास पार गायब होतो. मी स्टेशनजवळच्या एका दुकानातून दोनशेचा इयरफोन आणला, आठवड्यात एक कान बंद. दुकानदार म्हणतो, गॅरंटी नाही. शेवटी भाच्याचा मागून आणला आणि रात्री दहानंतर, कूलर बंद करून ऐकलं. कूलर चालू असला की मँडोलिन ऐकूच येत नाही.