साच्यावर राऊटर चालवायचाय: बेअरिंग बिट की गाईड बुश?

राऊटर म्हणजे फिरत्या बिटाने (पात्याने) लाकूड कोरणारं हातयंत्र. साच्याबरहुकूम कड काढणं असो की खाच मारणं, तो दोन्हींनी वळतो: बेअरिंग बिटावर पात्याच्याच व्यासाचं बेअरिंग साच्याला टेकून फिरतं, तर गाईड बुश म्हणजे राऊटरच्या तळाला बिटाभोवती लावायची नळी, ती साच्याच्या कडेने सरकते. पण आत्ता एकावरच खर्च करायचा असेल, तर कोणत्या कामासाठी हवंय ते आधी ठरवा.

बेअरिंग बिटात हिशोब नाही. साचा जेवढा, वस्तू तेवढी. जिगसॉ करवतीने रेषेबाहेर 2 मिमी ठेवून कापा, साचा दुहेरी टेपने चिकटवा, एक फेरी मारा, झालं. बुशला फरक काढावा लागतो: बुशचा बाहेरचा व्यास वजा बिटाचा व्यास, भागिले दोन. 16 चा बुश आणि 6 चं बिट असेल तर 5 मिमी. खाचेसाठी साच्याचं भोक चहूबाजूंनी 5 ने मोठं, बाहेरच्या आकारासाठी साचा 5 ने लहान. शिवाय साच्याचा टोकदार बाहेरचा कोपरा वस्तूवर गोल होऊन येतो. इथवर बेअरिंग पुढे आहे, हे मान्य.

माझा कौल फिरवला तो खोलीने. वर बेअरिंग असलेल्या बिटाचं पातं समजा 25 मिमी आणि साचा 6 मिमी. बेअरिंग निदान 3 मिमी तरी साच्याला टेकायला हवं, म्हणजे पात्याचे 22 मिमी पहिल्याच फेरीत लाकडात. त्याहून कमी उतरवलं की बेअरिंग साच्याच्या वर हवेत फिरतं आणि पातं साचाच खातं. कड साफ करताना 2 मिमीच कापायचंय, तेव्हा हे खपून जातं. भरीव लाकडात खाच मारताना मात्र मोटर रडते, कड करपते, तंतू उखडतात. साचा जाड करा किंवा आखूड पात्याचं बिट घ्या, हे उपाय आहेत. पण दर खोलीला वेगळी जुळवाजुळव कोण करणार?

बुशमध्ये ही कटकटच नाही. साध्या सरळ बिटाने प्लंज करत (बिट वरून खाली दाबत) 3-3 मिमी उतरत जा, बुश साच्याला पहिल्या फेरीपासून टेकलेला. बिजागरीची 3 मिमीची खाच असो की कुलपाचं खोल घर, साच्याची जाडी तीच. आतला कोपराही बिटाच्या त्रिज्येइतकाच, म्हणजे 3 मिमी गोल उरतो. तेवढं पटाशीने दोन मिनिटांत निघतं. बुशची एक खोड आहे: तो बिटाशी केंद्रात नसेल, तर हातातला राऊटर वळला की माप सरकतं. सेंटरिंग कोन (बुश केंद्रात आणणारा शंकू) लावून राऊटरच्या तळपट्टीचे स्क्रू आवळायचे आणि मग राऊटरची मूठ शक्यतो एकाच दिशेला ठेवायची.

बेअरिंगकडेही लक्ष ठेवावं लागतं. डिंक आणि भुसा साचून ते जाम झालं की पात्याबरोबर फिरत साच्याच्या कडेवर काळा पट्टा ओढतं. फेरी मारण्याआधी, प्लग काढून, बोटाने फिरवून बघा.

दिशेचा नियम दोघांना सारखाच: वरून बघता वस्तूच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट, भोकाच्या आतून घड्याळाप्रमाणे. उलट गेलात तर बिट लाकडावर चढून हात ओढतं. 25 मिमीपर्यंतच्या व्यासाच्या बिटाला मिनिटाला 20,000 फेऱ्यांच्या वरचा वेग चालतो. 50 च्या पुढचं बिट 12,000 च्या आसपास उतरवा. लाकूड करपत असेल तर वेगाच्या डायलला हात लावण्याआधी बिटाची धार बघा आणि हात थोडा पुढे ढकला. बहुतेक वेळा एका जागी रेंगाळल्यानेच करपतं. आवाज जड झाला तर मात्र फेरी उथळ करा.

फक्त प्लायच्या आणि एमडीएफच्या कडा जुळवायच्या असतील, तर बेअरिंग बिट पुरेसं आहे, उगाच बुशच्या नादी लागू नये. खाचा मारायच्या असतील तर, मला विचाराल तर, आधी बुश. घेताना कॉलरची (बुशच्या खाली निघालेल्या नळीची) उंची मात्र बघा: 6 मिमीच्या साच्याला 5 मिमीपर्यंतची चालेल. साच्याहून उंच असेल तर ती खाली लाकडाला टेकते आणि राऊटर साच्यावर सपाट बसतच नाही.