पोर्तुगालमधली पेस्ट्रीची दुकानं: बेलेंची रांग, भट्टीची घंटा आणि कोपऱ्यावरचे काका

सप्टेंबरमध्ये मी आणि मावशी नऊ दिवस पोर्तुगालला जाऊन आलो, लिस्बन, सिंत्रा, अव्हेरो आणि शेवटी पोर्तो, आणि परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय की ते लिस्बनच्या बेलें भागातलं प्रसिद्ध पेस्ट्रीचं दुकान खरंच तेवढं भारी आहे का. तर एकदाच सगळं लिहून टाकते. चर्च आणि किल्ल्यांची माहिती इथे मिळणार नाही, ते आम्ही बघितलं पण दोन खाण्यांच्या मधल्या वेळात.

आधी महत्त्वाचं. तिकडच्या जवळपास प्रत्येक पारंपरिक गोडात अंड्याचा बलक असतो, आणि एखाददुसरा नाही, ढिगाने. यातले बरेच पदार्थ मूळचे मठांमधले. अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला आणि वाईन नितळ करायला जायचा, मग उरलेल्या बलकांचं करायचं काय, तर वसाहतींमधून साखर येतच होती, घाला दोन्ही एकत्र आणि आटवा. नावं पण मठातलीच, एकाचं नाव ननचं पोट, एकाचं देवदूताची डबल चिन, आणि तोसिन्यो दो सेऊ म्हणजे चक्क स्वर्गातली डुकराची चरबी! हा शेवटचा बदाम आणि बलकाचा केक, पूर्वी त्यात खरोखर चरबी पडायची, आता सगळीकडे घालतातच असं नाही पण ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या. अंडंच चालत नसेल तर मात्र कॉफीवर भागवावं लागेल, खोटं कशाला सांगू. मावशी अंडं खाते पण वास आला की नाक मुरडते, त्यामुळे या रिव्ह्यूमध्ये तिचं नाक हाच मुख्य परीक्षक.

आता नाता. पास्तेल द नाता म्हणजे तळहातात मावेल एवढी कुरकुरीत वाटी आणि आत बलकाचं कस्टर्ड, वर काळे डाग. हे डाग म्हणजे करपलेलं नाही, भट्टी इतकी तापलेली असते की वरची साखर जळते आणि आतलं मात्र थरथरतं राहतं. उलटा करून तळ बघा, गोगलगाईसारखी गुंडाळी दिसली तर समजायचं हाताने केलाय, कारण लोणी लावून घड्या घातलेल्या पिठाची वळकटी करून तिचे तुकडे कापतात आणि एकेक तुकडा साच्यात उभा ठेवून अंगठ्याने दाबत दाबत कडेपर्यंत चढवतात. हे मी काचेमागे उभी राहून बघत बसले होते. मावशी म्हणाली, "मोदकाची पारी आहे गं ही, फक्त कळ्या नाहीत." अगदी तसंच, अंगठा आत आणि साचा गोल गोल फिरवायचा.

बेलेंचं दुकान. पास्तेइस द बेलें, १८३७ पासून. शेजारीच जेरोनिमोसचा मठ, मूळ रेसिपी तिथली. १८२० च्या क्रांतीनंतर मठांचे दिवस फिरले, १८३४ मध्ये ते बंदच केले, आणि पोटापाण्यासाठी ही पेस्ट्री शेजारच्या साखर कारखान्याला लागून असलेल्या दुकानात विकायला ठेवली, तेच हे दुकान. रेसिपी आजही मोजक्या लोकांनाच माहीत असते आणि मिश्रण बंद खोलीत करतात. आणि बेलें हे नाव फक्त यांच्याच पेस्ट्रीला, बाकी अख्ख्या देशात ती नाता. आम्ही १५ नंबरची ट्राम पकडून गेलो, दाबून गर्दी, पाकीट सांभाळा. बाहेर फुटपाथवर भलीमोठी रांग, मावशी म्हणाली देवदर्शनाला आल्यासारखं वाटतंय. पण ती रांग पार्सलवाल्यांची आहे हे बऱ्याच लोकांना कळतच नाही! आत शिरलात तर निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, शेकडो लोक बसतील एवढी जागा, तिथे बसायची रांग वेगळी आणि ती भराभर सरकते. आम्हाला दहा मिनिटांत टेबल मिळालं. एक नग दीड युरोच्या आतबाहेर, सोबत दालचिनी आणि पिठीसाखर.

चव? वाटी ए वन. पातळ, खारट, दाताखाली असा आवाज की शेजारच्या टेबलला ऐकू जाईल. कस्टर्ड मात्र मला जरा कमी गोड, थोडं सपाट वाटलं, मावशीला नेमकं तेच आवडलं कारण अंड्याचा वास शून्य. गरम होता म्हणून पहिला दोन घासात संपला. दुसरा मी मुद्दाम वीस मिनिटं तसाच ठेवला, प्रयोग म्हणून, आणि तो निम्माच चांगला लागला. तिथेच मला कळलं की दुकान कुठलं यापेक्षा भट्टीतून निघून किती मिनिटं झाली हे बघायला पाहिजे. पुढे सगळ्या प्रवासात हीच पट्टी लावली.

मग मांतेगारिया. नावाचा अर्थ लोण्याचं दुकान, आणि लिस्बनच्या शियादो भागाजवळची ही जागा पूर्वी खरंच तशी होती. बसायला खुर्ची नाही, संगमरवरी काउंटर, उभ्यानेच खायचं, समोर काचेमागे भट्टी. नवीन घाणा निघाला की घंटा वाजवतात. आमची पद्धत अशी पडली की कॉफी घेऊन एका कोपऱ्यात उभं राहायचं आणि घंटा झाली की मगच नाता मागायचा, काउंटरवरची मुलगी दुसऱ्या दिवशी आम्हाला बघून हसायलाच लागली. यांचं कस्टर्ड जास्त गोड, जास्त सैल, पहिल्या घासाला हनुवटीवर ओघळ येणार हे धरूनच चाला. भट्टीतून आल्या आल्या तोंडात टाकू नका, माझी जीभ भाजली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्याची चव कागदासारखी लागली. माझ्या मते मांतेगारियाचा नाता पहिला. मावशीच्या मते बेलें. वाद अजून चालू आहे.

आता वाईट अनुभव पण लिहिते, नाव घेत नाही. लिस्बनच्या मध्यभागी, जिथे सगळे टुरिस्ट फिरतात अशा रस्त्यावर, पाय दुखायला लागले म्हणून दिसलं त्या ठिकाणी बाहेर टेबलावर बसलो. नाता आला तो फ्रीजमधून काढलेला, गार, तळ असा ओला जसा चहात राहून गेलेला खारीचा तुकडा, आणि वाटी उचलली तर कस्टर्ड ताटलीत. त्यात बाहेरच्या टेबलाचा भाव आतल्या काउंटरपेक्षा जवळपास दुप्पट, आणि तो बोर्डावर लिहिलेला होता बरं का, बारीक अक्षरात, त्यामुळे भांडता पण येईना. बऱ्याच दुकानांत काउंटर, आतलं टेबल आणि बाहेरचं टेबल यांचे भाव वेगळे असतात, उभ्याने खाणं सगळ्यात स्वस्त. बसायच्या आधी बोर्ड वाचा.

कॉन्फेतारिया नासिओनाल, लिस्बनमधलीच मिठाईची पेढी, १८२९ ची, जुनी ऐट, आरसे आणि लाकडी कपाटं. ख्रिसमसचा बोलो रेइ नावाचा सुकामेव्याचा गोल पाव पोर्तुगालमध्ये यांनी आणला म्हणतात. जागा बघायला जा, आमचा नाता ठीकठाक निघाला, जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सिंत्रा मात्र सोडू नका! लिस्बनच्या रोसियो स्टेशनवरून ट्रेन, पाऊण तासाच्या आत पोहोचता. तिथे बेकऱ्यांची गल्ली असं नाव असलेली चिंचोळी चढाची गल्ली आहे आणि त्यात पिरिकिता, १८६२ पासून. इथला पदार्थ त्रावेसेइरो, म्हणजे उशी. लांबट, पापुद्र्यांची उशी, वर साखर, आत बदाम आणि बलकाचं सारण. गरम मिळाली. पहिल्या चाव्याला साखर माझ्या काळ्या जॅकेटवर, पापुद्रे मावशीच्या ओढणीत, आजूबाजूला सगळ्यांची तीच अवस्था म्हणून कुणी बघत पण नव्हतं. गर्दीत बसायला जागा नव्हती तर आम्ही बाहेर पायरीवर बसून खाल्लं. तिथेच केइजादा पण घेतल्या, ताज्या चीजच्या, दालचिनी घातलेल्या छोट्या टार्ट, चव आपल्या खव्याच्या जवळ जाणारी, आणि या गार पण छान लागतात, त्यामुळे प्रवासात सोबत न्यायच्या असतील तर याच घ्या. राजवाडा बघायला उशीर झाला. कुणालाच वाईट वाटलं नाही.

अव्हेरोला लोक रंगीत होड्यांसाठी जातात, मोलिसेइरो म्हणतात, पूर्वी खताला शेवाळ गोळा करायच्या, आता टुरिस्ट फिरवतात. आम्ही गेलो ओव्होस मोलेससाठी. बलक आणि साखरेचा पाक एवढंच आटवून केलेलं घट्ट सारण, आणि ते भरतात चर्चमध्ये प्रसादाला देतात तसल्या पांढऱ्या पातळ वेफरमध्ये, आकार शिंपले, मासे, छोटी पिंपं. युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे याला. मावशीने एक शिंपला तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत राहिली, मला वाटलं आता थुंकणार. "गोड आहे," म्हणाली, "पण किती ते!" खरंच, जिलबीवर साखरपाक प्यायल्यासारखं गोड. एक मस्त, दोन पुरे, आणि मी शहाणी डझनाचा डबा घेऊन बसले. पहिल्या दिवशी वेफर कडक होतं, दुसऱ्या दिवशी चिवट, तिसऱ्या दिवशी पोर्तोच्या रूमवर डबा उघडला तर मासे एकमेकांना चिकटलेले. सुटे घ्या, दोन-चार, तिथेच खा.

मधे एक दिवस लिस्बनजवळच्या कास्काइसला समुद्रावर बोला द बर्लिन खाल्ला, जर्मन बर्लिनरचा पोर्तुगीज भाऊ, तळलेला गोळा आणि पोट कापून आत पिवळं क्रीम. विकणारे पेटी घेऊन वाळूत ओरडत फिरतात. क्रीमवाला की बिनक्रीमचा एवढंच विचारतात. क्रीमवाला घ्या, नाहीतर नुसता साखर लावलेला पाव खाल्ल्यासारखं होतं. साखर आणि वाळू यातला फरक नंतर कळत नाही तो भाग वेगळा.

पोर्तोमध्ये माजेस्टिक कॅफे, १९२१ चा, बाहेरून बघितला, रांग बघितली, पुढे निघालो. कारण तोपर्यंत आम्हाला रूमच्या कोपऱ्यावरचं साधं दुकान सापडलं होतं. तिकडे प्रत्येक गल्लीत पास्तेलारिया असते, म्हणजे आपलं इराणी हॉटेल आणि मिठाईचं दुकान एकत्र केलं तर जे होईल ते, सकाळी कॉफी, दुपारी सूप, संध्याकाळी केक, आणि म्हातारी माणसं पेपर घेऊन तासनतास. गर्दीच्या वेळी मशिनमधून नंबरचा कागद फाडून घ्यायचा, तो सेन्या, हे आम्हाला माहीत नव्हतं म्हणून पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं नुसत्या उभ्या राहिलो आणि मागून आलेल्या चार आज्या खाऊन गेल्या. कॉफी मागायची तर नुसतं काफे म्हणा, छोट्या कपात कडक येते, लिस्बनमध्ये तिला बिका पण म्हणतात. दुधाची हवी असेल तर गलाओ, उंच ग्लासात. मावशीची गाडी गलाओवर स्थिर झाली.

पैसे द्यायला गल्ल्यापाशी गेलं की "पगार?" असं काहीतरी ऐकू यायचं. मावशी दोन दिवस बुचकळ्यात, हा माझा पगार का विचारतोय. पागार म्हणजे पैसे देणे, आपला पगार तिथूनच आलाय, पाव आणि चावीसुद्धा. हे कळल्यावर ती रोज खाऊन झालं की मोठ्याने "पगार!" म्हणून पाकीट काढायची आणि काउंटरवरच्या काकांना ते भयंकर आवडायचं.

या दुकानाचा नाता देशातला सर्वोत्तम वगैरे नाहीये. वाटी जरा जाड, कस्टर्डला लिंबाच्या सालीचा वास जास्त. पण सकाळी साडेआठला पहिला ट्रे बाहेर यायचा तेव्हा आम्ही समोर असायचो, आणि भाव बेलेंपेक्षा कमी. मावशीला वरून चांगला काळा झालेलाच लागतो, तीन दिवस ती काचेवर बोट टेकवून दाखवत होती, हा नको, तो, त्याच्या मागचा. चौथ्या दिवशी, म्हणजे निघायच्या दिवशी, सुटकेसी घेऊनच गेलो. काकांनी काही न विचारता खालून एक ताटली काढली, त्यावर ट्रेमधला सगळ्यात काळा नाता, आणि शेजारी गलाओ. मला मात्र नंबर घ्यायला लावला.