हक्काचा कागद आणि मागून आणलेला कागद: विद्यापीठाचा अभिलेखपाल व्हावं की विशेष संग्रहात जावं?

‘विद्यापीठ अभिलेखपाल व विशेष संग्रह प्रमुख’ अशी एकाच पदाची जाहिरात कितीदा तरी निघते. त्यामुळे बाहेरच्याला ही दोन्ही कामं एकच वाटतात. खोली तीच, कपाटं तीच, आम्लरहित पुठ्ठ्याची राखाडी खोकीही तीच. पण हे खोकं दारातून आत आलं कसं, एवढं विचारलं की वाटा वेगळ्या होतात.

अभिलेखपालाकडे कागद हक्काने येतो. सभांची इतिवृत्तं, प्रवेशाच्या नोंदवह्या, इमारतींचे नकाशे, कुलगुरूंचा पत्रव्यवहार असं विद्यापीठ चालताना जे तयार होतं, ते मुदत संपली की त्याच्याकडे जमा व्हावं असा नियम असतो. विशेष संग्रहाचा कागद मात्र मागून आणावा लागतो. कुणा लेखकाची हस्तलिखितं, एखाद्या संघटनेचं दप्तर, दुर्मीळ पुस्तकं विकत तरी घ्यायची, नाहीतर देणगी म्हणून मिळवायची.

हक्काने येतो म्हणजे आपोआप येतो असं मात्र समजू नका. एखाद्या विभागाला जागा बदलायची असली की सगळ्यात आधी जुनी कपाटं रद्दीत निघतात. अभिलेखपालाची निम्मी धावपळ त्या दिवसाच्या आत तिथं पोचण्यासाठी असते. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा, कोणता कायमचा आणि कोणता नष्ट करायचा, याचा तक्ता तो करतो, समितीकडून मंजूर करून घेतो आणि मग लोकांच्या मागे लागतो. बहुतेक कागद नष्टच व्हायचा असतो, आणि त्यावर सहीही त्याचीच. शिवाय ज्याचं मीठ खातो त्याला अडचणीचा ठरणारा कागदही जपावा लागतो. चौकशीचे अहवाल, फेटाळलेल्या तक्रारी, मोडीत निघालेले ठराव. वरून कुणी ‘ही फाइल जरा बाजूला ठेवा’ म्हणालं, तर तक्त्यावर बोट ठेवून नाही म्हणता आलं पाहिजे. हे जमणार नसेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

विशेष संग्रहाची नोकरी दुसऱ्याच्या घरात सुरू होते. समजा, एक निवृत्त संशोधक वारले आणि घरच्यांनी बोलावलं. पहिल्या खोक्यात तारखेवार लावलेली पत्रं, तिसऱ्यात विजेची बिलं, पाचव्यात फ्लॉप्या, आणि सातवं उघडलं की व्हिनेगरसारखा आंबट वास. तो ॲसिटेट फिल्म कुजू लागल्याचा असतो. ते रीळ तिथल्या तिथे वेगळं काढायचं, कारण त्यातून निघणारं ॲसिड शेजारच्या रिळांनाही बाधतं. हे चाललेलं असताना मुलगी विचारते, ‘बाबांची डायरी लोक वाचणार का?’ या प्रश्नाचं उत्तर देणगीपत्रात नीट लिहून घेणं, ही या कामातली सगळ्यात अवघड कला आहे. काय किती वर्षं बंद ठेवायचं? नको असलेलं परत करायचं की टाकायचं? स्वामित्वहक्क कुणाकडे? आलेल्या पत्राचा कागद घरच्यांच्या मालकीचा असतो, पण मजकुरावरचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. नवखे लोक इथेच फसतात.

कारागिरीतही फरक आहे. अभिलेखांच्या जगात कागद ज्याच्याकडून आला त्याच्या नावाखाली, त्यानेच लावलेल्या क्रमात राहतो. यातला नावाचा भाग 1841 च्या फ्रेंच सरकारी परिपत्रकात आला; मूळ क्रमाचा भाग नंतरचा, आणि दोन्ही मिळून 1898 मध्ये तीन डच अभिलेखपालांनी नियमांच्या रूपात बांधून दिले. ग्रंथालयातून आलेल्याचा हात मात्र विषयवार लावण्यासाठी शिवशिवतो. मुळातला क्रम एकदा मोडला की कोणतं पत्र कशाच्या उत्तरादाखल आलं, हे कायमचं हरवतं. दुर्मीळ पुस्तकांत बरोबर उलटं: तिथे एकेक प्रत वेगळी. बांधणी, कागदातलं जलचिन्ह, जुन्या मालकाची सही, समासातली टिपणं हे सगळं नोंदवायचं. एक डोळा ढिगाचा, दुसरा प्रतीचा. दोन्ही सारखेच तीक्ष्ण असलेली माणसं थोडी.

ढिगावरून आठवलं. 2005 मध्ये ग्रीन आणि मायस्नर या दोन अमेरिकन अभिलेखपालांनी सुचवलं, की विसाव्या शतकातल्या मोठ्या संग्रहांतली प्रत्येक पिन काढत बसू नका, घनफूटभर कागदाला सरासरी चार तास पुरतात. यावर अजून वाद होतात. मी त्यांच्या बाजूचा. सुबक लावलेली दहा खोकी आणि नोंदच नसलेली हजार खोकी, यात वाचकाचा फायदा कशात आहे?

शिक्षणाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ग्रंथालयशास्त्र किंवा अभिलेखशास्त्राची पदव्युत्तर पदवी बहुतेक ठिकाणी लागते, विशेष संग्रहात इतिहास आणि जुन्या लिप्या जास्त उपयोगी पडतात. डिजिटल जतनाचं मात्र दोन्हीकडे अडतं. फ्लॉपीवर चुकूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून राइट ब्लॉकर लावून तिची प्रतिमा, म्हणजे आतल्या सगळ्या डेटाची जशीच्या तशी प्रत, घेणं, चेकसमने (डेटावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने) ती बदलली नाही याची खात्री करणं, एवढं तरी स्वतःच्या हाताने यायला हवं. अभिलेखपालावर ही वेळ आधी येते, कारण आजची इतिवृत्तं आणि पत्रव्यवहार कागदावर जन्मतच नाहीत.

आता प्रमुखपदाकडे. विशेष संग्रहातला माणूस वरच्यांना दिसतो: प्रदर्शनं, देणगीदार, छायाचित्रं. अभिलेखपाल आठवतो तो शताब्दीला किंवा कोर्टाची नोटीस आल्यावर. त्यामुळे बढती बहुधा पहिल्याला लवकर मिळते. पण वर गेल्यावर दोघांच्याही हातून कागद सुटतो. दिवस अंदाजपत्रकात, रिकाम्या पदांच्या मागणीत आणि भांडारातली वातानुकूलन यंत्रणा रात्री बंद पडली तर कुणाला उठवायचं, या यादीत जातो. खोकं उघडण्यातच ज्याचा जीव रमतो त्याने दुसऱ्या क्रमांकावर खुशाल राहावं.

मन ठरत नसेल तर मी अभिलेखपालापासून सुरुवात करायला सांगेन. ढिगाची शिस्त घेऊन दुर्मीळ पुस्तकांकडे जाता येतं. एकेका प्रतीचे लाड करायची सवय लागली की ढिगाकडे परतणं जड जातं. विशेष संग्रहातल्या पहिल्या नोकऱ्या बऱ्याचदा अनुदानावरच्या, एका प्रकल्पापुरत्या असतात, हेही धरून चला.

मुलाखतीत पगाराच्या आधी चार गोष्टी विचारा: नोंद न झालेला साठा किती, देणगीपत्रावर सही करायचा अधिकार कुणाला, जतन-मुदतीचा तक्ता मंजूर आहे की मसुद्यातच, आणि पद कायम आहे का. मग भांडार दाखवायला सांगा, आणि शेवटच्या रांगेतल्या, जमिनीवर ठेवलेल्या खोक्यांवर काय लिहिलंय ते वाचून या.