चष्मा, लेन्स की लेसर: अक्काचे डोळे, माझे डोळे आणि आता तिच्या लेकाचे

आम्ही दोघी बहिणी, दोघींनाही शाळेपासून जाड भिंगाचा चष्मा. १२ वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच मशीनपुढं हनुवटी टेकवून दोघींनी डोळे तपासून घेतले. माझं लेसर झालं. अक्काला डॉक्टर म्हणाले, "तुम्ही करू नका." आता अक्काचा मुलगा २० वर्षांचा झालाय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर कामाला लागलाय, संध्याकाळी तालमीत जातो, आणि महिनाभर त्यानं एकच धोशा लावलाय, "मावशी, तुझ्यासारखा माझाही चष्मा काढूया की!" त्याला तुकड्या-तुकड्यानं जे सांगितलं तेच इथं सलग लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची कितीतरी पोरं-पोरी याच प्रश्नाशी अडलेली मला माहीत आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे करायचं की नाही हे ठरवण्याआधी तपासणी करून घ्यायची. बहुतेक जण उलटं करतात. आधी मनाशी ठरवतात, पैसे जमवतात, मग तपासायला जातात, आणि तिथं 'नको' ऐकलं की दुसऱ्या दवाखान्यात 'हो' म्हणणारा शोधतात. ते अजिबात करू नका. डॉक्टरांचं 'नको' हेही उपचाराइतकंच मोलाचं असतं. अक्काचे डोळे आज शाबूत आहेत ते त्या 'नको'मुळं.

लेसर नेमकं करतं काय? बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मधोमध साधारण ५२० ते ५५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसर त्याचा मधला भाग घासून चपटा करतं आणि प्रकाश डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावर नीट पडायला लागतो. एक नंबर काढायला साधारण १४-१५ मायक्रॉन जाडी खर्ची पडते. लेसिक या लेसरच्या प्रकारात त्याआधी वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा झाकणासारखा उचलतात. आता हिशेब करा. कॉर्निया ५४० आणि नंबर मायनस ६ असेल तर ११० पापुद्र्याचे, ९० लेसरचे, खाली उरले ३४०. ठीक. पण कॉर्निया ४९० आणि नंबर मायनस ८ असेल तर खाली २६० उरतात. २५० च्या खाली जायचंच नाही असा जुना दंडक आहे, बरेच सर्जन ३०० च्या खालीही जात नाहीत. कारण पातळ झालेला कॉर्निया आतल्या दाबानं पुढं फुगायला लागतो, आणि मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. तेव्हा तपासणीनंतर कॉर्नियाची जाडी किती आणि काढल्यावर उरणार किती, हे दोन आकडे तोंडानं विचारून घ्या.

जाडीइतकाच आकारही महत्त्वाचा. टोपोग्राफी नावाचं स्कॅन करतात. त्यात कॉर्नियाचा रंगीत नकाशा येतो, सपाट भाग निळा-हिरवा, उंच भाग लाल. अक्काच्या नकाशात खालच्या बाजूला लाल डाग होता. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवला, "हा केरॅटोकोनसचा संशय." कॉर्निया शंकूसारखा पुढं येण्याचा आजार. त्याच्यावर लेसर म्हणजे दुखण्याला आमंत्रण. अक्काला लहानपणापासून डोळ्यांची ॲलर्जी. ऊसतोडीचे दिवस आले की दोन्ही मुठींनी डोळे चोळत बसायची. हे चोळणं आणि हा आजार यांचं जवळचं नातं आहे. आपल्याकडं धूळ, निपाणीकडं तंबाखूची भुकटी, हंगामात पाचट जाळल्याची राख; डोळे चोळणारी माणसं घरोघरी. ज्यांना ही सवय आहे त्यांनी लेसर करायचं नसलं तरी एकदा हे स्कॅन करून घ्यावं. आणि हा आजार घराण्यात येऊ शकतो. भाच्याचं स्कॅन आम्हाला महत्त्वाचं होतं ते यासाठी.

लेसरनं डोळा जळतो अशी भीती आमच्या आईलाही होती. केस जळल्यासारखा वास येतो हे खरं, मलाही आला होता. पण हे लेसर जाळत नाही. १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण पेशींतले बंध तोडतो, शेजारच्या भागाला उष्णता लागू देत नाही. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांत रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासकडचे शास्त्रज्ञ होते. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर हा किरण सोडून पाहिला आणि कडा न जळता स्वच्छ खाच पडली. हे ऐकून आई जरा निवांत झाली होती.

आता लेसरचे तीन प्रकार, आणि कुणाला कोणता.

लेसिकमध्ये पापुद्रा उचलतात, लेसर मारतात, पापुद्रा परत बसवतात. दुखणं फार नाही, दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्वच्छ दिसतं. कार्यालयात किंवा दुकानात बसून काम करणाऱ्याला उत्तम. पण तो पापुद्रा पूर्वीसारखा घट्ट कधीच जुळत नाही. डोळ्यावर जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणं आहेत. क्वचित होतं, पण तालमीत ज्याच्या तोंडावर रोज कुणाचं ना कुणाचं कोपर येतं, त्यानं ही 'क्वचित' गोष्ट धरून चालावं.

पीआरके ही जुनी पद्धत. पापुद्रा नाही, वरची पातळ साय खरवडून काढतात आणि थेट लेसर मारतात. ती साय तीन ते पाच दिवसांत नव्यानं येते. पैलवान, फौजेत जाऊ पाहणारे, कॉर्निया जरा पातळ असलेले यांच्यासाठी हीच बरी. माझा कॉर्निया ४९६ आणि नंबर सव्वापाचच्या आसपास, म्हणून माझं हेच झालं.

स्माइलमध्ये पापुद्रा न उचलता आतल्या आत भिंगासारखी चकती तयार करतात आणि दोन-चार मिलिमीटरच्या छेदातून ती ओढून काढतात. पापुद्रा सरकायची भीती नाही, कोरडेपणाही लेसिकपेक्षा कमी. मात्र ही प्रामुख्यानं जवळचं दिसणाऱ्या, मायनस नंबरवाल्यांसाठी. पुढं थोडा नंबर उरला तर तो काढायला बहुधा पीआरकेच करावं लागतं. खर्चही जास्त.

पीआरकेचे पहिले पाच दिवस कसे असतात ते सांगायलाच हवं, कारण मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. टेबलावरचं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकलं, त्यातलं लेसर तर काही सेकंदांचं. डोळ्यात पट्टीसारखी लेन्स घालून सोडलं. कोल्हापूरहून येताना तवंदी घाटापर्यंत मी गप्पा मारत होते. संकेश्वरच्या पुढं डोळ्यांत कांदा पिळल्यासारखं व्हायला लागलं. पुढचे दोन दिवस अंधाऱ्या खोलीत, पाणी थांबेना, उशीचा अभ्रा ओला. आई दर दोन तासांनी बाटली हातात घेऊन येई, मी पापणी खाली ओढून धरे, ती थेंब सोडे. तिसऱ्या रात्री झोप लागली. पाचव्या दिवशी लेन्स काढली तेव्हा भिंतीवरचं घड्याळ दिसलं, पण काटे धुरकट. स्वच्छ दिसायला तीन आठवडे गेले, आणि पूर्ण स्थिर व्हायला दोन-तीन महिने. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत न्यायचे असतात आणि त्यानं डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून मधल्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. उन्हात काळा चष्मा लागतोच.

त्यामुळं वेळ बघून करा. ऊसतोडीत नको, मळणीत नको. मायाक्का चिंचलीच्या यात्रेच्या आधी तर नकोच. तिथं उधळलेला भंडारा डोळ्यात गेला तर चांगल्या डोळ्यांनासुद्धा त्रास होतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीचा गुलाल, रंगपंचमी, हेही धरा. घरात कुणीतरी थेंब घालणारं माणूस आठवडाभर मोकळं पाहिजे.

कोरडेपणा जवळजवळ सगळ्यांना येतो. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्या परत वाढेपर्यंत अश्रू कमी सुटतात. बहुतेकांना सहा महिन्यांत, वर्षभरात आराम पडतो. काहींना थेंब कायमचे चालू राहतात. आधीपासून ज्यांचे डोळे कोरडे आहेत त्यांनी हे दोनदा विचारावं. रात्री दिव्याभोवती वलय दिसणं हा दुसरा त्रास. बेळगावची भाजी घेऊन रात्री चोर्ला घाट उतरणाऱ्या टेम्पोवाल्याला समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसले तर कसं चालेल? माझंही वलय सहा-सात महिने राहिलं, तोवर रात्री गाडी चालवली नाही. नंबर मोठा आणि अंधारात बाहुली जास्त मोठी होणारी असेल तर डॉक्टरांशी याबद्दल स्वतंत्र बोला.

आणि चाळिशी. हे कुणी जाहिरातीत लिहीत नाही. मी आता ४१ ची आहे. गेल्या दिवाळीपासून फोनवरची बारीक अक्षरं हात लांब करून वाचते, जवळचा चष्मा घ्यावा लागणार. अक्का ४४ ची, नंबर मायनस ७. परवा ब्लाउजला हुक लावायला बसली, चष्मा काढून बाजूला ठेवला, सुई नाकापासून वीतभराच्याही आत धरली आणि दोरा एका झटक्यात ओवला. मी शेजारी बसून तीच सुई बघत होते, मला भोक दिसेना. लेसर दूरची नजर देतं, पण वय झाल्यावर मायनसवाल्याला जवळचं चष्म्याशिवाय दिसायची जी सोय असते, ती काढून घेतं. पंचविशीत केलं तर १५-१६ वर्षं बिनचष्म्याची मिळतात. पस्तिशी ओलांडल्यावर करणाऱ्यानं मात्र हा हिशेब घालूनच ठरवावं. शिलाई, सोनारकाम, नक्षीकाम यांवर पोट असेल तर जास्तच.

लेसरनं नंबर जातो, पण डोळ्याची लांबी जात नाही, हेही ध्यानात ठेवा. मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांब असतो, आतला पडदा ताणलेला असतो. तो फाटायचा, सुटायचा धोका लेसरनंतरही तेवढाच. अचानक काळे ठिपके किंवा विजा चमकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

चष्म्याच्या बाजूनं बोलायचं तर त्याच्यात धोका शून्य आणि तो कधीही बदलता येतो. खानापूरच्या पावसात गाडीवर काच धुरकटते, हेल्मेटमध्ये दांड्या रुततात, हा जाच मी १५-१६ वर्षं काढलाय, त्याला क्षुल्लक म्हणणार नाही. पण फक्त 'पोरगी बघायला येणार आहेत, चष्मा काढ' म्हणून कुणी लेसर करायला लावत असेल तर मुलीनं नाही म्हणावं आणि आई-बापानं तिच्या मागं उभं राहावं. डोळे तिचे आहेत. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, त्या काळात लेसर करतही नाहीत.

कॉन्टॅक्ट लेन्स कधीमधी लग्नाकार्याला, खेळायला छान. पण हात धुऊन घालायची, रात्री काढायची, नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यानं कधीच धुवायची नाही. लेन्स घालून विहिरीत पोहणं म्हणजे बुबुळाच्या जखमेला बोलावणं. शेतात, गुऱ्हाळात, लेथवर दिवस काढणाऱ्याला लेन्स मी सुचवणार नाही. केरॅटोकोनसवाल्यांच्या कडक लेन्स वेगळ्या, त्या उपचार म्हणून देतात.

नंबर फार मोठा किंवा कॉर्निया पातळ, पण आकार निरोगी असेल त्यांना आयसीएलचा रस्ता आहे. डोळ्याच्या आत, आपल्या भिंगाच्या पुढं एक मऊ लेन्स बसवतात. कॉर्निया घासत नाहीत, लागलं तर लेन्स काढता येते. पण ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया, दाब वाढणं, लवकर मोतीबिंदू होणं असे वेगळे धोके. दरवर्षी तपासणी हवीच.

पैशाचं थोडक्यात. साधं लेसिक किंवा पीआरके लाखाच्या आत होतं, स्माइल आणि आयसीएल बहुधा लाखाच्या घरात किंवा वर. मेडिक्लेमवर विसंबू नका, ७.५ पेक्षा कमी नंबर काढण्याचा खर्च विम्यात बसत नाही. एका ठिकाणी मला 'रविवारपर्यंत सवलत' सांगून लगेच पैसे भरायला लावत होते, कोरडेपणाचा शब्द काढला नाही. मी उठून आले. संमतीपत्र इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतं. न समजता सही करू नका, मराठीत सांगा म्हणा. आपल्या भागातल्या डॉक्टर-नर्सना मराठी येतं, विचारलं की सांगतात.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं भरतीसाठी लेसर करणारी पोरं खूप. फौजेच्या आणि पोलिसांच्या वैद्यकीय अटी पदागणिक वेगळ्या असतात. कुठं लेसर चालत नाही, कुठं शस्त्रक्रियेच्या वेळचं वय, त्यानंतर गेलेले महिने, उरलेली कॉर्नियाची जाडी बघतात. जाहिरातीतली ती ओळ वाचल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नका.

भाच्याला मागच्या आठवड्यात हुबळीला नेलं. कॉर्निया ५३१, नकाशा सरळ, लाल डाग नाही. अक्कानं तिथल्या तिथं हात जोडले. पण नंबर वर्षभरात तीनवरून पावणेचारवर गेलाय, आणि किमान एक वर्ष नंबर स्थिर पाहिजे. तेव्हा आत्ता नाही. पुढच्या वर्षी परत स्कॅन, नंबर थांबला असेल तर तालीम चालू आहे म्हणून पीआरके किंवा स्माइल, लेसिक नाही. तोवर मशीनवर बसताना चष्म्यावर सुरक्षेचा गॉगल, आणि डोळे चोळायचे नाहीत. तो रुसलाय, पण येताना गाडीत एकदाही डोळे चोळले नाहीत.

त्याच्या स्कॅनचे कागद मी माझ्या जुन्या फाइलीतच लावलेत. लेसर होण्याआधीचे आकडे जपून ठेवायचे असतात. म्हातारपणी मोतीबिंदू निघताना आतल्या भिंगाचा नंबर काढायला ते लागतात, आणि काचबिंदू तपासताना कॉर्निया पातळ केलेला आहे हे सांगावंच लागतं, नाहीतर दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. माझी फाइल कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. अक्काला जागा दाखवून ठेवली आहे.